राघूच्या अंगावरचं पांघरूण

मंडळी, पुढं सरका! मागं बायामाणसं दारात ताटकळत उभी आहेत, आणि इथं पुढं चौघांच्या जागेत दोघं मांडी पसरून बसलेत. सरका! हां, असं. देवळात तरी जागा द्यावी माणसानं.

आता एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, वर्गणी मागत नाही! प्रश्न असा — एखाद्याचं दुःख आपण कानांनी ऐकलं. ऐकून आपला गळा दाटला, डोळ्यांना धारा लागल्या, पदर ओला झाला. तर ते दुःख आपल्याला कळलं का?

काय? कळलं? कोण म्हणालं? ते गुलाबी फेटेवाले! बरं, तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा. मी आज तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो. ती ऐकली तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं होतं. घास उतरेना! अहो, असं होतं? आपल्यासारख्या, देवाधर्माच्या, रडू येणाऱ्या माणसांत असं होतं?

ऐका.

गोदेच्या काठी एक गाव. नाव सांगत नाही. का? नाव सांगितलं की तुम्ही सुटलात! म्हणाल, 'तिकडचं आहे, आपल्याकडं नाही असलं.' तर एक गाव. गावात साळ्यांची आळी. साळी म्हणजे विणकर. घरोघरी माग. दिवस उगवला की सगळी आळी खटक-खट, खटक-खट! पुरुष मागावर, बाया रहाटावर. रहाट फिरवायचा आणि कांड्यांवर सूत भरायचं. सूत तुटलं की गाठ मारायची, पुन्हा फिरवायचा. आयुष्य जायचं त्यात.

या आळीत बयजाबाईचं घर. बयजाबाई कडक बाई! नवरा लवकर गेला, एकुलता लेक राणू, त्याला मागावर बसवून तिनं घर उभं केलं. तिच्या बोलण्यानं दूध नासतं, असं लोक मागं म्हणायचे. पुढं म्हणायची छाती कुणाची? पण कुणाकडं बाळंतपण अडलं, कुणाकडं मयत झाली, की पहिली हाक कुणाला? बयजाबाईला! बाई हातातलं काम टाकून जायची. हातानं सगळं करायची. तोंडानं मात्र — 'रडू नका गं, उठा, पाणी तापवा.' एवढंच.

राणूचं लग्न झालं. सून आली — सरू. मुलखाची अबोल! आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं लग्न लावलं आणि हात झटकले. माहेर नाहीच म्हणा. मग पहिलं बाळंतपण कुठं होणार? सासरीच झालं. बयजाबाईनं स्वतः केलं. मुलगा झाला! आळीत साखर वाटली.

आणि मंडळी, पाचवी पुजायच्या आधीच ते लेकरू गेलं.

सरू तापात होती. भान नव्हतं तिला. भानावर आली, हातानं शेजारी चाचपलं, तर अंथरूण रिकामं!

"आत्याबाई, बाळ?"

"देवानं दिलं, देवानं नेलं."

"कुठं ठेवलं त्याला?"

"ते इचारू नये बाळंतिणीनं. पुढच्याला बाधतं. गप पडून ऱ्हा."

बयजाबाई दुष्ट होती का? मुळीच नाही! तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं, त्या सासूला तिच्या सासूनं. जखमेला हात लावला नाही की ती भरते, असं त्या घरात मानत होते. सरूनं नवऱ्याला विचारलं. राणूनं खाली बघितलं, आणि उठून मागावर जाऊन बसला. तिनं परत विचारलं नाही. रडलीसुद्धा नाही. विटाळ फिटला, बाई रहाटाशी बसली.

आळीतल्या बाया म्हणाल्या, "काळीज हाय का दगुड? डोळ्याला टिपूस न्हाई!"

बघा! रडली असती तर म्हणाल्या असत्या, 'किती रडते, घरात अवदसा आणील.' आपल्या लोकांचं एक बरं आहे, दोन्हीकडून बोलता येतं!

असे महिने गेले. एक दिवस सकाळी बयजाबाई चुलीशी भाकरी थापत होती. बाहेर पडवीत सरूचा रहाट फिरत होता. आणि एकाएकी बयजाबाईचा हात परातीतच थांबला. बाहेर कुणी गात होतं! कोण हे? आळीत तर असा गळा कुणाचा नाही! पीठ माखल्या हातानं ती दारात आली, बघते तर सरू! रहाट फिरतोय, सूत सुटतंय, आणि ही मान खाली घालून गातेय. काय गातेय? पेटीवाले, हात थांबवा जरा. हे सुरावर नको. मी नुसतं म्हणतो, ऐका —

रिकामा गं पाळणा, हलवी वारा दारचा
कुणी गं निजविला, राघू माझ्या पदरचा?

बयजाबाई ऐकतच राहिली. मंडळी, तिच्या मनात काय आलं असेल? सांगू? तिच्या मनात आलं — 'चला! पोर सावरली. गायला लागली म्हणजे विसरली!'

मी काही बोलत नाही. पुढं ऐका.

शेजारीण ठकूबाई. हिचे कान भिंतीतून पलीकडं जायचे! ती दुसऱ्या दिवशी आपला रहाट उचलून बयजाबाईच्या पडवीत हजर. "बयजाबाई, तुमच्या सुनंच्या गळ्यात साखर हाय की!" तिसऱ्या दिवशी आणखी चौघी. मग पडवी पुरेना! सरू गायची, बाया सूत भरायच्या आणि मुळुमुळू रडायच्या. आणि उठून जाताना ठकूबाई काय म्हणायची?

"परवापेक्षा आज जास्त रडू आलं गं बाई! कसं हलकं वाटतंय!"

हलकं वाटतंय! अहो, जिच्या काळजावर धोंडा होता ती तिथंच रहाटाशी, आणि हलकं कुणाला वाटतंय? ठकूबाईला!

बयजाबाईचं काय? ती फुलली! आयुष्यभर कुणी कौतुक केलं नव्हतं त्या बाईचं. आता बाजारात बाया थांबवून म्हणायच्या, 'तुम्हीच ना त्या सरूच्या सासूबाई?' मग घरी आल्यावर ती सरूच्या ताटात तूप जास्त वाढायची. "गळा जप गं. दही खाऊ नगंस." माया होती हो! माया नव्हती असं म्हणू नका. फक्त सूर धरला होता तिनं, आणि शब्द खाली सांडत होते. रोज, तिच्या पायाशी.

निजविला राघू, सांगा कोणत्या रानात?
दूध माझं उतू जातं, माझ्या रित्या गं घरात.

ही ओवी सरूनं गायली ती तिच्याच सासूकडं तोंड करून! सबंध आळीत त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेली बाई एकच, आणि ती समोर बसलेली! आणि त्या बाईनं काय केलं? डोळे पुसले आणि म्हणाली, "वा गं माझे बाई! अजून एकदा म्हण."

मंडळी... असो.

गावात राममंदिर होतं. तिथं आत्मारामबुवा प्रवचन करायचे. सज्जन माणूस! पाठांतर असं, की कुठलीही ओळ टाका, तीन अर्थ खाली पडायचे. त्यांच्या कानावर सरूची कीर्ती गेली. बुवा स्वतः पडवीत आले. ऐकलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा पाण्यानं भरलेले!

"बयजाबाई," बुवा म्हणाले, "ही साधी सून नाही हो! राघू म्हणजे कोण? रघुनाथ! राम वनात गेला, आणि मागं त्याची माउली विचारतेय — माझा राम कोणत्या रानात निजला असेल? या मुलीच्या तोंडून रामरायाची आई बोलते आहे!"

झालं! बायांनी कपाळाला हात लावले. सगळं बसलं की हो! रिकामा पाळणा बसला, रान बसलं, उतू जाणारं दूधसुद्धा बसलं. आता बायका येताना हळदकुंकू घेऊन येऊ लागल्या. सरूच्या पाया पडू लागल्या! सरू पाय आखडून घ्यायची. काही तरी बोलायला तोंड उघडायची. पण पाया पडणाऱ्या माणसाला काही सांगता येतं का हो? त्याची मान खाली असते!

एकदा बयजाबाईला ती म्हणाली, "आत्याबाई, ते राम न्हाई वो."

बयजाबाई म्हणाली, "असं म्हणू नगं. बुवा काय येडे हायेत?"

आली रामनवमी. भर दुपारचा जन्म, चैत्रातलं ऊन, देऊळ माणसांनी ठासून भरलेलं. दारात सुंठवड्याचं पातेलं. मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा. आणि बुवांनी सांगितलं, यंदा पाळणा सरू म्हणणार! बयजाबाईला सगळ्यांत पुढं बसायला पाट दिला. पाट! साळ्याच्या विधवा बाईला, राममंदिरात, पुढं पाट! तिनं नवं लुगडं नेसलं होतं. तिला वाटत होतं, 'माझा नवरा असता तर त्यानं हे बघितलं असतं.' लेक राणू खांबाशी उभा होता, पुरुषांत. मान खाली.

दुपारी बुवांनी पितळेचा बालराम पाळण्यात ठेवला. गुलाल उडाला, घंटा वाजल्या, एकच गजर! मग सगळं शांत झालं. सरू पाळण्याशी गेली. दोरी हातात घेतली. गायली —

माती गं माउली, तुला पुसते मी काही
राघूच्या अंगावर, पांघरूण आहे का नाही?

ही ओवी नवी होती. कुणी ऐकली नव्हती. देवळात हुंदके फुटले. बुवांनी मांडीवर हात मारला — "माती! भूमाता! काय कल्पना आहे!"

आणि सरू थांबली. तिनं दोरी सोडली. वाकून पाळण्यातली ती पितळेची मूर्ती उचलली, छातीशी धरली, आणि तिच्या गालाला गाल लावला. आणि तिचा चेहरा... मंडळी, त्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येत नाही. ती हळूच म्हणाली, "गार हाय. तवाबी असाच गार लागला असंल."

गजर उसळला! "धन्य! धन्य!" बुवा पुढं झाले. "बघा, बघा! याला म्हणतात भाव! देहभान गेलं!" ठकूबाई तर भुईवर लोळण घ्यायची बाकी!

अहो, बाई फुटत होती! सगळ्या गावादेखत, भर दुपारी, उजेडात! आणि लोक टाळ्या पिटत होते!

फक्त एक माणूस टाळ्या वाजवत नव्हतं. पाटावर बसलेली बयजाबाई. तिनं ऐकलं — गार हाय. आणि तिच्या हातांना आठवलं. हो, हातांना! तिनंच त्या लेकराला न्हाऊ घातलं होतं शेवटचं. गार होतं ते. तो गारवा तिच्या तळव्यांत परत आला. आणि मग एकामागून एक सगळ्या ओव्या आल्या. रिकामा पाळणा. कुणी निजविला? कोणत्या रानात? पडवीत, तिच्याकडं तोंड करून! आणि ती काय म्हणाली होती? 'अजून एकदा म्हण!'

"अगं माझे आई..." बयजाबाई पाटावरून उठली. "ही मला इचारत व्हती! ही मलाच इचारत व्हती रं देवा!"

आसपासच्या बायांनी तिला धरलं. त्यांना वाटलं, हिलाही भाव झाला! तिनं हात झटकले. गर्दीतून वाट काढत ती पाळण्याशी गेली. सुनेसमोर उभी राहिली. कडक बाई, जिचा आवाज आळीच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा — तो आज सुनेपुरताच निघाला.

"सरू," ती कशीबशी म्हणाली, "मला ठाव हाय कुठं निजवलाय. चल."

सरूनं वर बघितलं. कित्येक महिन्यांनी तिनं कुणाच्या डोळ्यांत बघितलं. मूर्ती तशीच छातीशी धरून ती सासूच्या मागं निघाली.

आता मात्र गडबड उडाली! बुवा आडवे आले. "बयजाबाई, थांबा! जन्म झालाय, आरती व्हायचीय! मूर्ती अशी उंबऱ्याबाहेर नेता येत नाही!"

बयजाबाईचं डोकं कुठं ठिकाणावर होतं? पण तिच्या तोंडून काय निघावं! ती म्हणाली, "जाऊ द्या बुवा. जाईल द्येव थोडा उन्हातनं. वनवास काय त्याला नवा हाय?"

बुवा बाजूला झाले. काय करतील! आणि सासू-सून उन्हात निघाल्या. मागं सगळं देऊळ. कुणी ओरडतंय 'मूर्ती बाटली', कुणी म्हणतंय 'बाईला वारं लागलं', कुणी नुसतंच चाललंय काय होतं ते बघायला. तसे लोक सगळ्यांत जास्त असतात!

कुठं गेल्या? रानात? नदीपल्याड? नाही हो! आळीच्या मागंच. तिथं एक मोकळं पटांगण होतं. विणण्याआधी सुताचा लांब ताणा पसरायचा, त्याला खळ लावायची आणि उन्हात वाळवायचा, त्याची ती जागा. आळीतल्या बाया रोज तिथं. सरूही! तिथं टोकाला एक कडुनिंब होता. बुंध्याशी एक चपटा दगड, भोवती लहान गोट्यांचं कडं, शेजारी तुळशीचं रोप. दगडाला कुंकू माखलेलं. बाया म्हणायच्या, म्हसोबाचं ठाणं आहे.

बयजाबाई त्या दगडाशी थांबली.

"हितं."

सरू पुढं वाकली. "हा? हा तर म्हसोबा!"

"म्हसोबा न्हाई गं."

"आत्याबाई... मी ह्याला कुंकू वाहिलंय! अमावस्येला निवद दावलाय! ह्याच्या शेजारनं रोज ताणा घेऊन चाललेय मी!"

मागच्या गर्दीतून ठकूबाई किंचाळली, "अगं बाई! म्या तर नवस बोलले व्हते ह्याला!"

ऐकलंत? आईनं स्वतःच्या लेकराला देव समजून हात जोडले, आणि लेकरू मागितलं असेल त्याच्याचपाशी! ऐकून अंगावर काटा येतो की नाही? मला अजून येतो.

पण बयजाबाईही चक्रावली होती. कारण तिनं लेकराला तिथं ठेवलं होतं, ते नुसतं मातीत, आणि पुन्हा ती तिकडं फिरकलीच नव्हती. दगड नव्हता, कडं नव्हतं, तुळस तर नव्हतीच. बायांनी दगड दिसला म्हणून कुंकू लावलं, ते ठीक. पण दगड ठेवला कुणी? ती तुळस ऐन चैत्रात हिरवीगार कशी?

गर्दीतून राणू पुढं आला. तोच तो, खाली बघून मागावर जाऊन बसणारा राणू!

"म्या लावली," तो म्हणाला. "उन्हाळ्याचं रोज पाणी घालतो, कुणी उठायच्या आदी. कुत्री उकरतील म्हून दगुड ठिवला."

"राण्या! आन् बायकूला सांगितलं न्हाईस?"

"तूच म्हनली व्हतीस, सांगू नगं म्हून. तिला बाधंल म्हून."

तिघं! एका छपराखाली तिघं! एक गातेय, एक ऐकतेय, एक पाणी घालतोय. आणि कुणाचं कुणाला ठाऊक नाही! भिंतीसुद्धा इतक्या जाड बांधत नाहीत हो!

सरू त्या दगडाशी बसली. मूर्ती मांडीवर. दगडावरून हात फिरवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग वर न बघता विचारलं, "आत्याबाई, अंगावर पांघरूण व्हतं का?"

तीच ओवी! पण आता सूर नव्हता. साधं विचारणं होतं, एका बाईनं दुसऱ्या बाईला. आणि मंडळी, या खेपेला उत्तर आलं.

बयजाबाई तिच्याशेजारी मातीत बसली, त्या नव्या लुगड्यासकट. "व्हतं गं. माज्या लग्नातल्या शालूचा पदर फाडला मी. जरीचा. त्यात गुंडाळलं. तोंड उघडं ठिवलं व्हतं थोडं. तुज्यासारखं नाक व्हतं त्याचं."

आणि सरू रडली.

अहो, तो आवाज! गळ्यात साखर असलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. गाय हंबरते तसा. ज्यांना पडवीत गोड रडू यायचं, त्या बाया दचकून मागं सरल्या. काहींनी पोरांच्या कानांवर हात ठेवले. हे रडणं कुणाला ऐकवेना! यात ताल नव्हता, यमक नव्हतं, 'वा' म्हणायला जागा नव्हती. बयजाबाईनं तिला उराशी ओढली. 'रडू नगं' म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली नाही. उलट तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तीच म्हणाली, "माजी दोन गेली गं. राण्याच्या आधी. कुठं ठिवली, माज्या सासूनं मला सांगितलंच न्हाई. म्हातारी सांगायच्या आधीच मेली. मला अजून ठाव न्हाई, सरू!"

केवढी म्हातारी झाली होती ती! आणि हे पहिल्यांदा बोलली!

बराच वेळ गेला. ऊन कलायला लागलं. सरूचं रडणं ओसरलं. तिनं मांडीवरच्या मूर्तीकडं बघितलं, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली, आणि उभ्या असलेल्या आत्मारामबुवांच्या हातात दिली.

"घ्या बुवा तुमचा राम. माजा घावला."

बुवांनी मूर्ती घेतली. काही तरी बोलायला हवं होतं त्यांनी. सवय ती! त्यांनी घसा खाकरला. एवढ्यात गर्दीतून त्यांच्या पत्नी पुढं आल्या — मथुराकाकू. थोराघरची बाई, डोईवरचा पदर कधी ढळला नाही, चारचौघांत नवऱ्याशी कधी बोलल्या नाहीत. त्या बुवांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. आणि सगळ्या गावादेखत विचारलं —

"अहो, आपली दुर्गी कुठं ठेवलीत?"

कोण दुर्गी? गावातल्या कुणाला ठाऊकही नव्हतं की बुवांना मुलगी झाली होती!

ज्यांना एका ओळीचे तीन अर्थ सुचायचे, त्यांचे ओठ नुसते हलले. आठवून बघत होते. नदीकडं बघितलं, वेशीकडं बघितलं, परत बायकोकडं बघितलं.

"मला..." बुवा म्हणाले, "मला आठवत नाही गं."

आणि तो विद्वान माणूस रामाची मूर्ती पोटाशी धरून, साळ्यांच्या त्या पटांगणात मटकन खाली बसला.

कुणी त्याला उठवलं नाही. मथुराकाकू वळल्या, आणि जाऊन बयजाबाईशेजारी मातीत बसल्या. मग आणखी एक बाई जाऊन बसली. मग आणखी एक. ठकूबाईसुद्धा! आणि ती बडबडी बाई तिथं एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी आळी त्या कडुनिंबाखाली बसली होती. देवळात सुंठवडा तसाच राहिला, मुंग्यांनी खाल्ला. त्या वर्षी रामाची आरती झाली ती दिवेलागणीला, आणि बुवांनी त्या दिवशी प्रवचन केलं नाही.

पुढं काय? सरूनं ओव्या सोडल्या का? नाही, गायची अधूनमधून. पण लोक म्हणायचे, 'आता पहिल्यासारखं रडू येत नाही बाई हिच्या गाण्यानं!' आणि पडवी रिकामी झाली. बयजाबाई मात्र आता रहाट घेऊन तिच्यासमोर बसायची. ओवी संपली की 'वा' म्हणायची नाही. रहाट थांबवायची आणि विचारायची, "काय झालं गं?" कधी काही झालेलं नसायचं. कधी सरू सांगायची. पुढं त्या घरात पोरं झाली, पाळणा हलला. पण तुळशीला पाणी घालायला आता दोघं जायची, आणि म्हातारीला जमायचं तोवर तिघं.

झाली गोष्ट.

आता पुसा डोळे. पुसा! मघापासून बघतोय, बायकांच्या बाजूला नाकं लाल झालीत. फेटेवाले, तुमचीही. पण एक विचारतो, राग मानू नका. हे पाणी कुणासाठी? सरूसाठी? सरूला त्याचा काय उपयोग! हे पाणी तुम्ही देवळात सांडणार, 'काय रंगलं हो कीर्तन' म्हणणार, हलके होणार आणि घरी जाणार. म्हणजे ठकूबाईच की तुम्ही! आणि मी कोण? मी आत्मारामबुवा! तुम्हाला रडवायचं माझं काम झालं, मी नारळ घेऊन निघालो!

घरी कोण आहे? घरी एक म्हातारं माणूस आहे, जे रोज तुम्हाला तीच ती जुनी हकिगत सांगतं आणि तुम्ही म्हणता, 'ऐकलंय हो, ऐकलंय!' काय ऐकलंय? हकिगत ऐकलीय. ते काय विचारतंय ते ऐकलंय? लेक सासरहून फोन करते, 'काही नाही गं आई, सहज केला.' सहज? भर कामाच्या वेळी, सहज? आणि तुम्ही तिला काय सांगता? वांग्याचा भाव! शेजारी निजलेला नवरा पुन्हा पुन्हा उठून पाणी पितो. विचारलंत कधी? आणि अहो, तुम्ही — तुमची बायको भांडी आपटते तेव्हा तुम्ही म्हणता 'हिचा स्वभावच तापट.' भांडी म्हणजे भांडीच ऐकू येतात तुम्हाला!

राम वनात कुठं निजला असेल, याची काळजी आपल्याला आहे. असावी. पण राम म्हणाला असता, 'बाबांनो, माझं बघायला लक्ष्मण आहे. तुमच्या पडवीत कोण गातंय ते बघा.'

आज गजर करू नका. टाळ्याही नकोत, त्यांची मला आज भीती वाटते. आरतीला थांबला नाहीत तरी देव रागावणार नाही, मी सांगतो त्याला. उठा. चपला शोधा. घरी जा, आणि जे माणूस तुमच्याशी कमीत कमी बोलतं ना, त्याच्यासमोर बसा. आणि विचारा त्याला — 'काय झालं गं? काय झालं रे?'

उत्तर येईपर्यंत उठू नका.